उघड्यावरची पारख

ख्रिस्ती मंडळीची पहिली दीडशे-दोनशे वर्षे आठवताना एक गोष्ट सहज विसरली जाते. त्या मंडळीच्या हातात जवळजवळ काहीच नव्हते. देवळे नव्हती, न्यायालये नव्हती, तुरुंग तर नव्हतेच. उलट तिच्याच माणसांना तुरुंगात जावे लागत होते. नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची ठरलेली यादीसुद्धा नव्हती. ती यादी आजच्या रूपात प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने इ.स. ३६७ मध्ये लिहिलेल्या पत्रात. आणि तरीही सावध राहण्याची आज्ञा मात्र पहिल्या दिवसापासून होती. मेंढराच्या वेषात येणारे लांडगे फळांवरून ओळखा, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले होते. पौलाने मिलेत येथे इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना तुमच्यातूनच असे लोक उठतील असा इशारा दिला होता, आणि थेस्सलनीकाकरांना सगळे पारखून चांगले तेवढे धरून ठेवायला सांगितले होते. प्रत्येक आत्म्यावर विश्वास टाकू नका, असे योहानाच्या पत्रात बजावले आहे. बिरुयाच्या लोकांचे तर कौतुक यासाठीच झाले आहे की प्रत्यक्ष पौलाचे बोलणेही त्यांनी रोज शास्त्र उघडून तपासले. आज्ञा स्पष्ट होती, पण ती पाळायची कशी हे ज्याला त्याला शोधून काढावे लागले. माझे म्हणणे असे की, त्या हतबल मंडळीने पारखण्याच्या ज्या रीती घडवल्या त्या सगळ्या चारचौघांच्या डोळ्यांसमोर चालणाऱ्या होत्या, आणि म्हणूनच त्या टिकल्या. पुढे शिक्षा करण्याची सत्ता हाती आली तेव्हा पारख वाढली नाही, ती खुंटली. चौथ्या शतकातला युरोप याला साक्षी आहे आणि सोळाव्या शतकातला आपला गोवाही.

सुरुवात ‘दिदाखे’ या छोट्या पुस्तिकेपासून करायला हवी. फिलोथियस ब्रिएनियस या ग्रीक विद्वानाला तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याने ती छापली. पुस्तिका बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची. तिच्यात फिरत्या प्रेषितांविषयी आणि संदेष्ट्यांविषयी जे नियम आहेत ते वाचून थक्क व्हायला होते, इतके ते साधे आहेत. पाहुणा म्हणून आलेल्या प्रेषिताला एक दिवस ठेवून घ्या, गरज असली तर दुसराही दिवस. तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या आवेशात जेवण मांडायला सांगून स्वतःच त्यावर बसला तर खोटा. शिकवतो खरे पण तसे वागत नाही, तोही खोटा. गावात कायम राहायचे म्हणत असेल तर हातात कसब असलेल्याने काम करून खावे. काम नको असलेला माणूस ख्रिस्ताच्या नावावर पोट भरतो आहे, त्याच्यापासून दूर राहा. या नियमांत एकही असा नाही की ज्यासाठी विद्वान लागेल. दिवस मोजता येणारी, भाकर आणि नाणे यांतला फरक कळणारी कोणतीही बाई, कोणताही गुलाम हे नियम लावू शकत होता. आणि मंडळीत बाया आणि गुलाम पुष्कळ होते.

त्याच पुस्तिकेत याच्या शेजारी एक वेगळी सूचनाही आहे आणि ती सोडून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संदेष्टा आत्म्याने बोलत असताना त्याची परीक्षा घेऊ नका, असे ती म्हणते. म्हणजे शब्दांपुढे हात जोडायचे आणि वागण्यावर नजर ठेवायची. अनेकांना यात विसंगती दिसते. मला यात एक जाण दिसते. ज्यांनी ही पुस्तिका लिहिली त्यांना ठाऊक होते की आवेशाच्या क्षणी ऐकणाऱ्याची बुद्धी वाहून जाते आणि त्या क्षणी दिलेला निवाडा दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. म्हणून त्यांनी निवाडा पुढे ढकलला: भाषण संपल्यावर, जेवणाच्या वेळी, निरोपाच्या वेळी माणूस कसा वागतो ते पाहा. आणखी एक बारकावा आहे. संदेष्ट्याने पैसे स्वतःसाठी मागितले तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागितले तर त्याला कोणी दोष देऊ नये. संशयाचे रूपांतर कंजूषपणात होऊ नये, एवढी काळजी घेतलेली आहे.

या नियमांची गरज खरीच होती, याची साक्ष बाहेरच्या माणसाने दिली आहे. लुशियन हा दुसऱ्या शतकातला सीरियातला लेखक ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती लोकांची त्याने टिंगलच केली. त्याने पेरेग्रिनस नावाच्या माणसाची हकीकत लिहिली आहे. हा पेरेग्रिनस पॅलेस्टाइनमधल्या मंडळीत शिरला, त्यांचा पुढारी बनला, तुरुंगात पडला तेव्हा विधवांनी आणि अनाथांनी तुरुंगाच्या दाराशी गर्दी केली, आशियातल्या गावांतून माणसे पैसे घेऊन आली. लुशियनचा निष्कर्ष असा की कोणताही चलाख माणूस या भोळ्यांकडे येऊन थोड्या दिवसांत श्रीमंत होऊ शकतो. पण त्याच हकीकतीत पुढे असेही आहे की, काही निषिद्ध खाताना आढळल्यावर मंडळीने पेरेग्रिनसला दूर केले. म्हणजे ती फसली, आणि मग त्याच्या वागण्यावरून सावध झाली. शेवटी त्याने इ.स. १६५ मध्ये ऑलिंपियाच्या खेळांच्या वेळी स्वतःला जाळून घेतले, ते ख्रिस्ती म्हणून नव्हे.

भामटा ओळखणे त्या मानाने सोपे. कठीण जाते ते प्रामाणिक, उदार आणि बुद्धिमान माणसाची शिकवण चुकीची आहे हे ओळखणे. मार्सियन असा होता. काळ्या समुद्राच्या काठच्या सिनोपीचा हा जहाजमालक इ.स. १४० च्या सुमारास रोमला आला आणि तिथल्या मंडळीला त्याने दोन लाख सेस्टर्स दान दिले. रोमन पायदळातल्या सैनिकाला त्या काळी वर्षाला बाराशे सेस्टर्स मिळत. तेव्हा ही रक्कम एका सैनिकाच्या सुमारे १६६ वर्षांच्या पगाराएवढी झाली. त्याची शिकवण अशी की जुन्या कराराचा देव हा न्यायी पण कठोर, कनिष्ठ देव आहे आणि येशूचा पिता हा त्याहून वेगळा, आजवर अज्ञात असलेला, निव्वळ कृपेचा देव आहे. म्हणून त्याने जुना करार सबंध टाकला. शुभवर्तमानांपैकी एकट्या लूकचे ठेवले, तेही काटछाट करून. आणि पौलाची दहा पत्रे घेतली. ही शिकवण मोहक होती. जुन्या करारातल्या युद्धांनी आणि शिक्षांनी अस्वस्थ झालेल्या वाचकाला आजही ती मोहक वाटते. तिची किंमत मात्र मोठी होती: सृष्टी हलक्या देवाची, शरीर हलके, आणि यहुद्यांचा सबंध इतिहास टाकाऊ. रोमच्या मंडळीने त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि १४४ साली त्याच्याशी संबंध तोडला. तोडताना त्याचे दोन लाख सेस्टर्स परत केले. हे तर्तुलियनने लिहून ठेवले आहे, आणि तो मार्सियनविरुद्ध पाच पुस्तके लिहिणारा कडवा विरोधक असल्याने त्याच्यावर मार्सियनची बाजू घेतल्याचा आरोप कोणी करणार नाही. एका शतकानंतर, २५१ मध्ये, याच रोमच्या मंडळीवर पंधराशेहून अधिक विधवा आणि गरजू लोकांच्या पोषणाचा भार होता, असे बिशप कॉर्नेलियसच्या पत्रात नोंदलेले आहे. असा भार वाहणाऱ्या मंडळीला दोन लाखांचे मोल कळत नव्हते असे नाही. दान ठेवून घेतले असते तर दात्याच्या शिकवणीला मिंधे व्हावे लागेल, हे तिला समजले. दुसऱ्या शतकातल्या मंडळीच्या विवेकाचा याहून मोठा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

या पारखीला विचाराची चौकट दिली ती इरेनियसने. तो आशियातला, लहानपणी स्मिर्नाच्या पॉलिकार्पचे बोलणे ऐकलेला. पुढे तो गॉल प्रांतात लिऑनला गेला. तिथे १७७ साली छळ झाला, वृद्ध बिशप पोथिनस तुरुंगात वारला आणि त्याच्या जागी इरेनियस आला. १८० च्या सुमारास त्याने पाखंडांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ ग्रीकमध्ये लिहिला. मूळ ग्रीक बरेचसे हरवले, लॅटिन भाषांतर पूर्ण टिकले. त्याचे मुख्य विरोधक व्हॅलेंटिनसचे अनुयायी. त्यांचे म्हणणे असे की येशूने निवडक शिष्यांना गुप्त ज्ञान दिले होते, ते आमच्याकडे परंपरेने आले आहे आणि साध्या विश्वासणाऱ्यांना ते झेपणारे नाही. इरेनियसचे उत्तर थेट आहे. प्रेषितांना काही गुप्त ठाऊक असते तर ते त्यांनी ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच आधी सांगितले असते. ती माणसे कोण, त्यांच्यानंतर कोण आले, हे कोणालाही विचारता येते. रोममधली नावे तर तो एकामागून एक देतो. आणि त्या सगळ्यांनी जे शिकवले ते स्मिर्नात, रोममध्ये, गॉलमध्ये उघडपणे, एकच शिकवले जाते. शास्त्रवचने तीच वापरून वेगळाच अर्थ काढणाऱ्यांविषयी त्याने दिलेली उपमा प्रसिद्ध आहे: कुशल कारागिराने रत्ने जडवून राजाचे चित्र केले असावे, आणि कोणीतरी तीच रत्ने उचकटून त्यांचा कोल्हा बनवावा व हाच तो राजा म्हणावे. रत्ने खरी म्हणून चित्र खरे होत नाही. सबंध चित्र आधी ज्याने पाहिले आहे त्यालाच फसवणूक ओळखता येते, आणि ते सबंध चित्र बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येकाला शिकवले जात होते. इरेनियसचा भरवसा शेवटी या सर्वांना माहीत असलेल्या शिकवणीवर आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. जे जिंकले त्यांनीच इतिहास लिहिला. हरलेल्यांची पुस्तके नष्ट झाली. मग ‘खोटी शिकवण’ म्हणजे केवळ हरलेल्यांची शिकवण नव्हे काय? जर्मन विद्वान वॉल्टर बाउअर याने १९३४ साली हा प्रश्न जोराने मांडला. एडेसा, इजिप्त अशा काही प्रदेशांत पुढे पाखंड ठरलेले मतच आधी रुजले होते, असे त्याचे प्रतिपादन होते. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेतली तेरा हस्तलिखिते सापडली तेव्हा हरलेल्यांचा आवाज प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच शब्दांत ऐकू आला. या आक्षेपातला बराच भाग मान्य करायला हवा. आरंभी सगळीकडे एकमत होते आणि मग कोणीतरी ते बिघडवले, हे जुने चित्र टिकत नाही. इरेनियसने विरोधकांच्या शीलावर केलेले काही आरोप एकतर्फी आहेत, आणि त्याचा गुरू पॉलिकार्प मार्सियनला सैतानाचा पहिला पुत्र म्हणाला होता. ही भाषा पारखीची नाही, संतापाची आहे. पण नाग हम्मादीने दुसरीही गोष्ट सिद्ध केली. इरेनियसने पहिल्या भागात एका पंथाच्या सृष्टिकथेचा जो सारांश दिला आहे, तो तिथे सापडलेल्या ‘योहानाचे गुप्त पुस्तक’ या ग्रंथाशी पुष्कळ जुळतो. म्हणजे त्याने विरोधकांचे ग्रंथ मिळवून वाचले होते आणि मुख्य मत बरोबर मांडले होते. आणि मुख्य मुद्दा असा की १८० साली इरेनियसकडे कोणाचेही पुस्तक जाळण्याची ताकद नव्हती. व्हॅलेंटिनसचे अनुयायी त्याच्याच गावात मोकळे फिरत होते. तो जो वाद जिंकला तो वाद करूनच जिंकला. जिंकल्यावर दोन शतकांनी काय झाले हा वेगळा प्रश्न, आणि त्याकडे मी येतोच आहे.

पारखीचा खरा कस लागतो तो आपलाच निर्णय बदलावा लागतो तेव्हा. अंत्युखियाचा बिशप सेरापियन इ.स. २०० च्या आसपास किनाऱ्यावरच्या ऱ्होसस गावी गेला. तिथल्या लोकांत पेत्राच्या नावाने चालणाऱ्या एका शुभवर्तमानावरून वाद होता. सेरापियनने पुस्तक न वाचताच सांगितले, एवढाच वाद असेल तर वाचा. नंतर त्याच्या कानावर आले की त्या पुस्तकाआडून ख्रिस्ताचे शरीर केवळ भास होता अशी शिकवण पसरते आहे. तेव्हा त्याने ज्यांच्याकडे ते पुस्तक वापरात होते त्यांच्याकडूनच ते मागून घेतले, वाचले, आणि मंडळीला पत्र लिहिले. बहुतेक मजकूर तारणाऱ्याच्या खऱ्या शिकवणीला धरून आहे, काही भाग जोडलेला आहे, ते भाग मी खाली देतो, असे त्याने कळवले. पुस्तक जाळा असे त्याने म्हटल्याचे त्या पत्राच्या टिकलेल्या उताऱ्यात नाही. त्या शुभवर्तमानाचा एक तुकडा १८८६–८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीम येथे एका कबरीत सापडला. त्यामुळे आज आपण सेरापियनचा निवाडा आपल्या परीने ताडून पाहू शकतो.

आणि पारख म्हणजे प्रत्येक फरकावर तुटून पडणे नव्हे, हेही त्या पिढीला कळत होते. ईस्टर कोणत्या दिवशी पाळायचा यावर आशियातल्या मंडळ्या आणि रोम यांच्यात मतभेद होता. १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियाच्या मंडळ्यांशी संबंध तोडण्याचा घाट घातला. तेव्हा पाखंडांविरुद्ध पाच पुस्तके लिहिणारा तोच इरेनियस आडवा आला. पॉलिकार्प आणि रोमचा अनिसेतस हे याच प्रश्नावर एकमेकांना पटवू शकले नव्हते, तरी दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतले आणि शांतीने निरोप घेतला, याची त्याने व्हिक्टरला आठवण दिली. उपासाच्या रीतींतला फरक विश्वासातली एकता उलट दृढच करतो, असा त्याचा आशय होता. शिकवण कोणती आणि रिवाज कोणता हे वेगळे करता येणे हाच पारखीचा अर्धा भाग आहे. फ्रिजियातल्या मोंटानसच्या चळवळीबाबत मात्र ही समज पुरेशी टिकली असे मला वाटत नाही. प्रिस्किला आणि मॅक्सिमिला या त्या चळवळीतल्या स्त्री संदेष्ट्या होत्या. त्यांच्या अतिरेकाला विरोध करताना मंडळी एकूणच संदेशाच्या देणगीकडे आणि विशेषतः बोलणाऱ्या स्त्रियांकडे संशयाने पाहू लागली. हा तोटा खरा होता आणि तो भरून निघायला फार काळ लागला.

चौथ्या शतकात चित्र पालटले. ३२५ साली निकियाच्या परिषदेने एरियसची शिकवण नाकारली, पण त्याला हद्दपार केले ते सम्राट कॉन्स्टँटाइनने, आणि एरियसचे लिखाण दडवणाऱ्याला देहान्ताची शिक्षा फर्मावणारा हुकूमही त्याचाच. सत्तेच्या या तलवारीची धार किती लवकर फिरते पाहा. दहा वर्षांतच वारे बदलले आणि ३३५ मध्ये निकियाचा कैवारी अथनासियस याला त्याच सम्राटाने हद्दपार केले, थेट पश्चिमेकडे ट्रियरला. आयुष्यात पाच वेळा त्याला पद सोडून जावे लागले. सत्तेने दिलेला निवाडा सत्तेच्या मर्जीबरोबर बदलतो, हे त्या पन्नास वर्षांत साम्राज्यातल्या सर्वांनी पाहिले. मग ३८० मध्ये थिओडोसियसने निकियाचा विश्वास हाच प्रजेचा धर्म ठरवला, आणि पाच वर्षांनी जे व्हायचे ते झाले. स्पेनमधल्या अविलाचा बिशप प्रिसिलियन याच्यावर काही बिशपांनी पाखंडाचा आरोप केला. प्रकरण सम्राट मॅक्सिमसपुढे गेले. आरोप जादूटोण्याचा झाला. छळ करून कबुली घेतली गेली आणि ३८५ साली ट्रियर येथे प्रिसिलियनचा आणि त्याच्या काही साथीदारांचा शिरच्छेद झाला. ख्रिस्ती सत्तेने ख्रिस्ती माणसाला अशा आरोपावरून मारण्याची ही पहिली ठळक घटना.

ती त्या काळीच अनेकांना सहन झाली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. नाहीतर आपण आजच्या मापाने तेव्हाचे मोजतो असा आरोप होईल. तूरचा बिशप मार्टिन प्रिसिलियनच्या मताचा नव्हता. तरी त्याने सम्राटाला विनवले की बिशपांनी पाखंडी ठरवून दूर केले एवढे पुरे आहे, रक्त सांडू नका. शिक्षा झाल्यावर त्याने आरोप करणाऱ्या बिशपांशी सहभागिता नाकारली. मिलानच्या अँब्रोजनेही तेच केले. पुढे स्पेनमधली आणखी माणसे वाचवण्यासाठी मार्टिनला एकदा त्या बिशपांसोबत उपासनेला बसावे लागले, आणि त्याची सल त्याला मरेपर्यंत राहिली. त्यानंतर तो कोणत्याही परिषदेला गेला नाही. आणि शिक्षेचा परिणाम काय? अनुयायांनी प्रिसिलियनला हुतात्मा मानले, त्याच्या नावाचा पंथ गॅलिशियात वाढला आणि सहाव्या शतकातही ब्रागाच्या परिषदेला त्याचा निषेध करावा लागत होता. १८८५ मध्ये जर्मनीत व्युर्त्सबुर्गच्या ग्रंथालयात त्याची म्हणून ओळखली जाणारी लिखाणे सापडली. ती वाचून कित्येक अभ्यासकांना त्यात देहान्त सोडाच, बहिष्कार घालण्याजोगेही थोडेच दिसले. पण ती वाचून पाहण्याचा सेरापियनचा मार्ग ट्रियरमध्ये कोणाला सुचला नाही, कारण त्याची गरजच उरली नव्हती. शिक्षेला कबुली पुरते.

बळजबरीच्या बाजूने सर्वांत भारदस्त साक्ष ऑगस्टीनची. आरंभी तो आफ्रिकेतल्या डोनेटस पंथाशी केवळ शब्दांनी वाद करावा या मताचा होता. ४०८ च्या सुमारास व्हिन्सेंटियसला लिहिलेल्या पत्रात त्याने मत बदलल्याचे सांगितले. कायद्याच्या भीतीने माणसे एकदा आत आली की मग ती मनापासून पटवून घेतात, हे मी माझ्याच गावात पाहिले, असा त्याचा युक्तिवाद. ऑगस्टीनसारख्या माणसाचा अनुभव उडवून लावता येत नाही. भीतीने जडलेली सवय काही जणांत खऱ्या विश्वासात बदललीही असेल. पण हा युक्तिवाद पारखीविषयी काहीच सांगत नाही. भीतीने माणूस कुठल्याही मताचा होतो, खऱ्याच्या आणि खोट्याच्याही. शिवाय मार्सियनकडे पाहा. त्याच्यावर सक्ती कोणी केली नव्हती, तरी त्याची मंडळी ओसरत गेली, आणि ओसरायला तिला शतके लागली. दमास्कसजवळ देर अली गावात ३१८ सालचा मार्सियनपंथीयांच्या प्रार्थनास्थळाचा शिलालेख मिळाला आहे. म्हणजे उघड्यावरची पारख सावकाश काम करते, आणि पुष्कळ वर्षे खोटी शिकवण शेजारी नांदते आहे हे सोसावे लागते. ज्याला हे सोसत नाही तो तलवार मागतो.

गोव्यात ती तलवार १५६० मध्ये आली. इन्क्विझिशनचे न्यायासन तिथे १८१२ पर्यंत चालले. मध्ये १७७४ ते १७७८ एवढाच खंड. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये त्यावर लिहिलेला ग्रंथ आजही या विषयाचा मोठा आधार आहे. गार्सिया द ऑर्ता या थोर वैद्याची गोष्ट तर पुरेशी बोलकी आहे. तो १५६८ मध्ये वारला. त्याची बहीण पुढच्या वर्षी जाळली गेली. आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. मेलेल्या माणसाकडून कोणती शिकवण पारखली जाणार होती? १७३६ च्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती लोकांना काय काय बंद केले ते पाहिले तर पारख किती खाली आली होती ते कळते. लग्नात ओव्या म्हणणे, विडा देणे, धोतर आणि चोळी, अंगणातली तुळस, इतकेच काय मिठाशिवाय भात शिजवणे. इरेनियसने ज्या गोष्टींना रिवाज म्हणून सोडून दिले असते त्याच इथे गुन्हे झाल्या. १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप अलेक्सो द मेनेझिस याने केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांचे सिरियाक ग्रंथ दोष काढून दुरुस्त करायला किंवा जाळायला लावले. परिणामी १६५३ मध्ये मट्टनचेरीला क्रूसासमोर शपथ घेऊन त्यांतले बहुसंख्य लोक रोमपासून तुटले. एकी राखण्यासाठी केलेल्या सक्तीने एकी मोडली. हे सारे पोर्तुगीज राजकारण होते, धर्माचा त्यात संबंध नाही, असे काही जण म्हणतात. राजकारण होतेच. पण न्यायासनावर बसलेले पाद्रीच होते आणि निवाडा ते ख्रिस्ताच्या नावानेच देत होते. त्याच गोव्यात, त्याच काळात, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. ज्या ओव्या पुढे लग्नघरात गुन्हा ठरल्या त्याच छंदात ख्रिस्ताची गोष्ट सांगता येते, हे स्टीफन्सला कळले होते. विश्वास कोणता आणि रिवाज कोणता याची पारख त्याच्याजवळ होती, न्यायासनाजवळ नव्हती.

शेवटचा आक्षेप असा असतो की सामान्य विश्वासणाऱ्याला हे सारे झेपत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी वरून निवाडा द्यावाच लागतो. दिदाखेच्या काळातल्या लोकांनी याला उत्तर दिले आहेच. मराठी मुलखातून दुसरे उत्तर पंडिता रमाबाईंचे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून जो वाद घातला तो एका नवख्रिस्ती बाईने गुरुजनांशी घातलेला आहे. त्रैक्य, चर्चचा अधिकार, मताचे स्वातंत्र्य, प्रत्येक मुद्द्यावर त्यांनी शास्त्राचा आधार मागितला. सिस्टर जेराल्डीनना तो गर्व वाटला. बिरुयाच्या लोकांनी पौलाबरोबर याहून वेगळे काही केले नव्हते. रमाबाई पुढे ख्रिस्तावरच्या विश्वासात अधिक खोल गेल्या, तो विश्वास कोणी त्यांच्यावर लादला म्हणून नव्हे. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी थोडे शिकलेल्या बायकांनाही स्वतः वाचून समजेल अशा मराठीत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल उतरवण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावला वारल्या. ते बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.